उताणी घडी, पालथी घडी

सर्जेराव प्रेसमध्ये शिरले ते हातातली लग्नपत्रिका नाचवतच.

"अविराज, गणपती कुठाय?"

अविराजने पत्रिका घेऊन पाहिली. दर्शनी बाजूला नवरीच्या मामांची लांबलचक यादी झळकत होती आणि गणपती घडीच्या आत जाऊन बसला होता. नवरी सर्जेरावांची भाची. शिवाय सर्जेराव बारामती-इंदापूरच्या छापखानेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. आता आगीत तेल ओतायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती.

छपाई बारामतीला अविराजकडे आणि घडी, पिना, कटिंग इंदापूरला राजेश्वरीच्या बाइंडिंगमध्ये, अशी कामाची जुनी वाटणी होती. अविराजने सर्जेरावांसमोरच फोन लावला.

"राजेश्वरीताई, गणपती वर ठिवून घडी मारा, असं चिठ्ठीत लिवलं हुतं की."

"मग वरच ठिवला हुता. वर ठिवून घडी मारली की त्यो आत जाणारच. तुमच्याकडं कागद उलटा दुमडतो का, अविराजभाऊ?"

तिचं चुकलं म्हणावं तर तिने चिठ्ठीबरहुकूम केलेलं, आणि याचं चुकलं म्हणावं तर हा 'वर' म्हणजे 'बाहेर' समजून बसलेला. सर्जेरावांनी कपाळावर हात मारला.

"तुमी दोघं मिळून नियम करा. कुठलं मशीन काय करतं, कागद कसा जातो, घडी कुठून, पिन कुठं, समदं एका भाषेत लिवा. मंग आपल्या दोन्ही तालुक्यांत त्येच चालंल."

असे हे नियम फोनवर सुरू झाले. आधी मशीनचं वर्णन. राजेश्वरीचं घडीचं मशीन कागद तोंड खाली करून घ्यायचं, पिनांचं मशीन तोंड वर करून, आणि कटिंगला दोन्ही चालायचं.

"गणपती भाईर दिसला की उताणी घडी," ती म्हणाली. "आत गेला की पालथी."

"आन् कागदावर गणपतीच नसला तर?"

"जी बाजू गिऱ्हाइकाला मिरवायची असंल, तिला गणपती समजायचं."

अविराजला हे फार पटलं. खरं तर आताशा तिचं सगळंच पटायला लागलं होतं. एके दिवशी त्याने विचारलं, "दोन पिनांत अंतर किती धरायचं?"

"चार बोटं."

"कुणाची?"

"माझी. आन् कुणाची?"

नियमांत मिलिमीटर लिहिले गेले, पण अविराज संध्याकाळभर त्या चार बोटांचाच विचार करत बसला.

अख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापता छापता त्याची चाळिशी उलटली होती. मुलीकडच्यांना बागायत हवी असायची, नाहीतर नोकरी. प्रेसवाला कुणालाच नको होता. वडील गेल्यावर दुकान सांभाळण्यात राजेश्वरीचंही लग्न राहून गेलं होतं. हे तिने भोकं पाडायच्या मशीनचं वर्णन करताना सहज सांगून टाकलं. त्यानंतरच्या फोनला त्याने 'ताई' गाळलं. तिने ओळखलं असावं, कारण तिकडून 'भाऊ' आपोआप बंद झालं. मग तो मुद्दाम शंका काढू लागला. कोपरा कुठं संपतो, कड कुठं सुरू होते, असल्या प्रश्नांवर दुपार निघून जायची आणि शेवटी "जेवलात का?" यायचंच.

पण शंकांनाही अंत असतो. नियम पुरे झाले आणि सर्जेरावांनी ते सगळ्या प्रेसना वाटले.

"बघा," ते छाती फुगवून म्हणाले, "आता कुणाला कुणाचा फोन लावायची गरजच न्हाय!"

तसंच झालं. चिठ्ठी जायची, बंडल यायचं, काम बिनचूक असायचं. फोन मात्र टेबलावर मुका पडलेला. अविराज दर थोड्या वेळाने तो उचलून रेंज आहे का बघायचा. तिचा आवाज ऐकल्यावाचून त्याला करमेना. पण काम बरोबर आलं म्हणून फोन करायची आपल्याकडे रीत नाही, आणि दुसरं कारण सांगायची त्याची छाती होईना.

"काम येवढं चांगलं येतंय," आई, कौसल्याबाई, म्हणाल्या, "मंग तोंड का एरंडेल प्याल्यागत?"

शेवटी त्याने धीर केला. सांगवीच्या रोपवाटिकेचं पत्रक इंदापूरला जायचं होतं. बाहेर टपोरी डाळिंबं आणि आत फवारणीची माहिती. त्याने चिठ्ठीत बेधडक लिहिलं, 'पालथी घडी'. डाळिंबं आत कोण कोंबतं? ती विचारणारच.

फोन आला नाही. बंडल आलं. त्याने दोरी सोडली, तर वरच्याच पत्रकावर डाळिंबं हसत होती. उताणी घडी. कुठे तसूभर चूक नाही. म्हणजे चूक तिच्या लक्षात आली होती, आणि तरीही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. अविराजला इतकं वाईट वाटलं, की त्याने जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

दोन दिवसांनी फोन वाजला.

"बंडल उघडलं का न्हाय?" राजेश्वरीचा आवाज चिडलेला होता.

"उघडलं की."

"मग? कायच म्हणायचं न्हाय?"

"काय म्हणू? लय बरोबर झालंय."

"बरोबर?" ती गडबडली. "बरोबर कसं असंल?"

"म्हंजे?"



"चिठ्ठीत असंल त्याच्या उलटी घडी लावली हुती म्या," ती हळूच म्हणाली. "बांधताना बघायचाबी धीर झाला न्हाय. म्हटलं, भांडायला तरी फोन कराल."



"मीबी उलटंच लिवलं हुतं," तो म्हणाला. "इचारायला तरी फोन कराल म्हणून."

ती आधी हसली, मग हसता हसता तिने नाक ओढलं. तो रिसीव्हरवाल्या जमान्यातल्यासारखा मोबाईल दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"मी येऊ का इंदापूरला?" त्याने विचारलं.

"येकलं येऊन काय करणार? पिना मोजणार? आईला घिऊन या."

अविराजने आईला हाक मारायला मान वळवली. कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या, ठेवणीतलं लुगडं काखेत घेऊन.

"तिला इचार," त्या म्हणाल्या, "उद्याच आलं तर चालंल का."