चित्र, संदर्भ, विनोद

हसणाऱ्या माणसाची कॉलर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चारचौघांत तुम्ही हसलात आणि विश्वनाथ थूल जवळपास असला, की तो पुढे यायचा, तुमच्या तोंडासमोर तोंड आणायचा आणि विचारायचा, "समजलं काय?" तुम्ही हो म्हणालात तर म्हणायचा, "सांगा मंग." सांगता आलं नाही की त्याचा आवाज चढायचा. "मंग हासून काऊन राह्यले?"

आता याला काय उत्तर द्यायचं? चार लोक हसले की पाचवा हसतो. त्यात समजण्यासारखं असतंच असं नाही. हे मी त्याला दहा वेळा सांगितलं असेल, पण पालथ्या घड्यावर पाणी. मला त्या माणसाचा संताप यायचा. लिहिताना अजूनही थोडा येतोय, ते आधीच सांगून टाकतो.

वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवायचो आणि थूलभाऊ कंप्युटर लॅबचा असिस्टंट होता. राहायला दोघंही सिंदी मेघेला, दोन घरं सोडून. मी बायको-पोरांसह, तो एकटा. माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचा-जायचा. लॅबच्या दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती : 'चपला-बूट बाहेर काढा. धूळ ही कंप्युटरची वैरी आहे.' त्या काळी कंप्युटरला सगळेच देवासारखे जपायचे, पण थूलभाऊने प्राचार्यांनाही एकदा मोज्यांवर आत घेतलं होतं.

आमच्या मैदानावर तेव्हा नवीन हास्यक्लब निघाला होता. सकाळी पंधरा-वीस निवृत्त मंडळी गोल उभी राहून, हात वर करून हा हा हा करायची. थूलभाऊला तिथे मीच चेष्टेने घेऊन गेलो. चूक माझी. तो पाच मिनिटं बघत राहिला आणि मग थेट गोलाच्या मधोमध जाऊन एका निवृत्त तहसीलदारांपुढे उभा राहिला.

"बाबूजी, काय झालं?"

"काही नाही. हसा."

"कायले?"

"तब्येतीसाठी."

"पन कोनाले हासून राह्यले?"

"कोणालाच नाही हो."

"कोनी तरी असते," थूलभाऊ म्हणाला. "बिना कोनाचं हासू मी अजून पाह्यलं नाई."

तहसीलदारांना ठसका लागला, क्लब त्या दिवसापुरता मोडला आणि पुढे वर्षभर त्या मंडळींनी मला नमस्कार केला नाही.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली होती. लॅबला इंटरनेटची लाइन आली आणि नागपूरच्या पोरांनी कुठल्याशा अमेरिकन माणसाची साइट शोधून काढली. तो आठवड्यातून दोन-तीन वेळा एक चित्र टाकायचा. आगकाड्या जोडाव्यात तशी माणसं, डोक्याच्या जागी गोल, त्याला ना डोळे ना नाक. खाली इंग्रजीत दोन ओळी. विनोद सगळा गणितावर, फिजिक्सवर, कंप्युटरवर. पोरं ती चित्रं छापून लॅबबाहेरच्या बोर्डवर लावायची आणि समोर उभी राहून हसायची. इंग्रजी शाळेतली पोरं आधी हसायची, मग आर्वी-आष्टीच्या खेड्यांकडची.

थूलभाऊला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्याने प्रत्येक चित्राखाली आपला एक कागद लावायला सुरुवात केली. निळी शाई, वळणदार अक्षर, आणि तीन मथळे : चित्र, संदर्भ, विनोद. त्यासाठी तो डिक्शनरी घेऊन बसायचा, फिजिक्सवाल्यांना व्हरांड्यात अडवायचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमना डबा खाऊ द्यायचा नाही. एक कागद मला अजून पाठ आहे. 'चित्र : लिफ्ट. लोक चढतात, उतरतात. कोपऱ्यात एक माणूस तीन दिवसांपासून उभा आहे. संदर्भ : स्टॅक, म्हणजे कंप्युटरमध्ये माहिती ठेवण्याची एक रीत. कापसाच्या गाडीत जो बोजा शेवटी टाकला तो जिनिंगवर आधी उतरतो. तळाचा सर्वांत शेवटी. विनोद : हा माणूस सर्वांत आधी चढला. समजले का?'

त्या वर्षी परीक्षेत स्टॅकवर प्रश्न आला आणि अर्ध्या वर्गाने उत्तरात कापसाची गाडी लिहिली. ज्यांनी लिहिली ते पास झाले.

माझी पाळीही आलीच. त्या दिवशीच्या चित्रात एका घराच्या पाटीवर घर नंबर असा लिहिला होता : अर्धा अधिक पाव अधिक अर्धपाव, आणि पुढे नुसती टिंबं. फाटकाशी पोस्टमन, त्याची दाढी गुडघ्यापर्यंत. मी बघितलं आणि हसलो. मागून आवाज आला.

"समजलं काय, सर?"

"हो."

"सांगा मंग."

समोर माझ्याच वर्गातली पंधरा पोरं. मी म्हणालो, "पोस्टमनला पत्ता सापडत नाहीये. म्हणून दाढी वाढली."

"दाढीवर हासले काय तुमी?" थूलभाऊ खरोखर दुखावल्यासारखा दिसला. "सर, ते बेरीज एक येते. घर नंबर एक, सोपा पत्ता हाये. पन पोस्टमन दर खेपेले उरलेल्याच्या अर्धंच चालून राह्यला. तो कधीच पोचत नाई."

नऊ वर्षं ती बेरीज मी फळ्यावर लिहीत होतो. रागाने माझे कान तापले. मी तसाच विभागप्रमुखांकडे गेलो आणि बोर्ड सूचनांसाठी असतो, चेष्टेसाठी नाही, अशी तक्रार केली. ते म्हणाले, "राहू द्या हो. मलाही त्या कागदावरूनच समजतं."

संध्याकाळी स्कूटरवर मी थूलभाऊला फाडफाड बोललो. "विनोद समजावून सांगितला की मरतो, एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

"मरू द्या," मागून उत्तर आलं.

पुढच्या वर्षी स्वाती भोयर नावाची मुलगी पहिल्या वर्षाला आली. आष्टीकडच्याच तळेगाव श्यामजी पंत या गावची. दोन वेण्या, पाठीला कापडी पिशवी. दारावरची पाटी वाचून चपला काढणारे सगळेच होते, पण त्या भिंतीशी जोडीने नीट लावून ठेवणारी ती एकटी, म्हणून थूलभाऊ तिच्यावर खूश असायचा. त्याच सुमारास कॉलेजच्या फाटकाशी एटीएम बसलं. काचेची खोली, आत एसी, आत मशीन. स्वातीने दाराबाहेर चपला काढल्या, भिंतीशी लावल्या, आत जाऊन पैसे काढले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. शेवटच्या वर्षाची तीन पोरं पानठेल्यावर उभी राहून बघत होती.

दोन दिवसांनी बोर्डवर नवीन चित्र आलं. तशीच काड्यांची माणसं, पण अमेरिकेतली नव्हेत. दोन वेण्यांची काडी एटीएमसमोर हात जोडून उभी. काचेबाहेर चपला. मशीनच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं : कार्डाची गरज नाही. ओळख पटली. तळेगाव.

अख्खा व्हरांडा हसत होता. गर्दीच्या मागे स्वाती उभी होती, तीही हसत होती. आणि मीही हसलो. पोस्टमनचं चित्र मला समजलं नव्हतं, हे मात्र पूर्ण समजलं होतं, आणि समजून मी हसलो. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात थूलभाऊ कोरा कागद आणि टाचण्या घेऊन बाहेर आला. त्याने चित्र वाचलं. परत वाचलं. स्वातीकडे बघितलं, भिंतीशी लावलेल्या चपलांकडे बघितलं, आपल्या पाटीकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं, पण 'समजलं काय' असं विचारलं नाही.

"भाऊ, ये वाला समजाव ना," एक पोरगा म्हणाला.

थूलभाऊने टाचण्या उपसल्या, चित्राची घडी केली आणि खिशात घातली. "हा मले समजला नाई," तो म्हणाला आणि आत गेला.

मग काय, पोरांना रान मोकळं. थूलभाऊ फेल झाला. आठवडाभर लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण विचारायचा, "भाऊ, समजलं काय?" आणि तो मान खाली घालून माउस पुसत बसायचा. एरवी प्राचार्यांच्या बुटांवरून भांडणारा माणूस. ते बघून माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी सावंगीच्या रस्त्यावर मी स्कूटर कडेला घेतली आणि त्याला खाली उतरवलं.

"समजलं नाही म्हणे. खोटं बोललात. माझी अब्रू तुम्ही पंधरा पोरांसमोर काढलीत, मग त्या तिघांची काढायला काय झालं होतं?"

"समजावलं अस्तं त पोरीलेबी समजलं अस्तं."

"म्हणजे?"

"तिले समजलं नाई म्हून हासली ते, सर. सारे हासले, तेबी हासली." त्याने रस्त्यापलीकडे बघितलं. "मी नागपूरले डिप्लोमाले होतो तवा तसाच हासलो होतो. सरनं इंग्रजीत जोक केला. वर्गात साऱ्यात मोठ्यानं मीच हासलो. तीन दिवसानं रूमवरच्या पोट्ट्यानं सांगतलं का तो माह्यावर होता म्हून."

"काय होता जोक?"

"जाऊ द्या."

ज्याने उभ्या जन्मात कुणाचा एक विनोद जाऊ दिला नाही, तो माणूस हे म्हणत होता. मागे बसता बसता म्हणाला, "पाटी माहीच हाये ना, सर. चपला काढाले मीच शिकवलं तिले." मी स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये पेपर टाइप करायला बसलो होतो. स्वाती आली आणि थूलभाऊच्या टेबलापुढे उभी राहिली.

"भाऊ, तो कागद द्या."

"कोनता?"

"माह्यावरचा."

"तो तुह्यावर नाई."

"भाऊ, मले समजलं होतं."

थूलभाऊने वर बघितलं. त्याने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, पण आवाज न चढवता. "मंग हासून काऊन राह्यली होती?"

"रडली अस्ती त त्याइनं उद्या दुसरा लावला अस्ता," स्वाती म्हणाली. "हासली म्हून एकावर भागलं."

त्याने खिशातून घडी काढून दिली. आठवडाभर ती त्याच्या खिशातच होती. स्वातीने त्याच्याच टेबलावर बसून, त्याच्याच निळ्या पेनाने एक कागद लिहिला आणि चित्र आणि कागद दोन्ही बोर्डवर लावले.

'चित्र : एटीएम. संदर्भ : लॅबच्या दारावर चपला बाहेर काढा अशी पाटी आहे. एटीएममध्येही मशीन आहे, म्हणून मी तिथेही चपला काढल्या. काढायच्या नसतात हे मला कोणी सांगितले नव्हते. आता माहीत आहे. विनोद : या चित्रातली मुलगी मी आहे. समजले का? कु. स्वाती भोयर, तळेगाव (श्या. पं.).'

पोरं जमली, वाचली आणि एकेक करून पांगली. कोणी हसलं नाही. शेवटी त्या तिघांपैकी ज्याने ते चित्र काढलं होतं तो पोरगा आला आणि वाचून त्याने गुपचूप टाचणीला हात घातला. थूलभाऊने दारातून येऊन त्याची कॉलर धरली.

"समजलं काय?"

"हो."

"सांग मंग."

पोरगा उभा राहिला. त्याला सांगता आलं नाही. थूलभाऊने कॉलर सोडली आणि म्हणाला, "राहू दे तो कागद. समजला का येजो सांगाले." कागद सत्र संपेपर्यंत तिथेच होता.

त्या दिवशी सुटल्यावर स्कूटरपाशी न येता तो फाटकाजवळच्या टपरीवर जाऊन बसला. मी गेलो. त्याने दोन चहा सांगितले आणि एकदम सुरू केलं. "मीटर होता, सर. प्रॅक्टिकलचा. वायर जोडली नोती, तरी काटा वर चढून होता. सर म्हनाले, इंग्रजीत, काही लोकं असेच वर येतात, करंट नसताना, सरकारच्या हुकमानं. अन् माह्याकडं पाह्यलं. सारे हासले. मले वाटलं मीटरचा जोक हाये."

मग त्याने एकेक बोट दुमडलं. "चित्र : मीटर. संदर्भ : ॲडमिशनची यादी, माह्या नावापुढं लिहेल जात. विनोद : काटा म्हंजे मी." त्याने दुमडलेली बोटं सोडली. "मीटरच खराब होता तो. मीच दुरुस्त केला मंग, त्याच दिवशी. समजलं काय, सर?"

"समजलं."

त्याने माझं तोंड नीट निरखून बघितलं, हसतोय की नाही ते. चहा आला, गार झाला.

"तुमी म्हनत होते ना, समजावला का विनोद मरते म्हून."

"म्हणालो होतो."

"मंग? मेला काय हा?"

मी म्हणालो, "मेला, भाऊ."

त्याला ते पटलं नसावं. त्याने ग्लास बाजूला सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "मीटर होता, सर."