सागरतीर महोत्सवाची प्रतीक्षा यादी

एखाद्या समाजाची सांस्कृतिक उंची त्यात किती लोक गाणं ऐकतात यावरून ठरत नाही. किती लोकांना गाण्याचं तिकीट मिळालं नाही, यावरून ठरते. हे सत्य चेन्नईत, तिरुवान्मियूरच्या एका शाळेच्या मैदानावर आमच्या मंडळाने शोधून काढलं, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याची अजून दखल घेतलेली नाही. ते त्यांचं नुकसान.

मी त्र्यंबक. रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे हयात काढून निवृत्त झालो आणि सध्या मंडळाच्या मागणी-नियंत्रण उपसमितीचा निमंत्रक आहे. (उपसमितीत मी एकटाच आहे. त्यामुळे सर्व ठराव एकमताने होतात.) आमचं मंडळ म्हणजे बदलीवर इथे आलेले आणि परत जायचं विसरलेले लोक. कुणी बँकेतले, कुणी आवडी गावच्या संरक्षण कारखान्यातले, कुणी माझ्यासारखे रेल्वेतले. अलीकडे ओरगडमच्या मोटार कारखान्यांतली आणि संगणकातली तरुण पोरंही येतात, पण ती मुख्यतः साबुदाण्याच्या खिचडीसाठी.

सागरतीर संगीत महोत्सव २००६ साली सुरू झाला. तो कमलिनी अक्कांमुळे सुरू झाला, हे नाइलाजाने नमूद करावं लागतं. अक्का तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले. त्यांचं मराठी ऐकून आम्हाला हसू येतं आणि आमचं ऐकून त्यांना, त्यामुळे संबंध खेळीमेळीचे होते. मैलापूरच्या दोन खोल्यांत त्या मुलींना गाणं शिकवत. त्यांच्या वडिलांकडून एक जुनं कवन त्यांच्याकडे आलं होतं, आठ चरणांचं. म्हणायला तास लागे. वडील गेल्यावर ते पूर्ण येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. अक्कांनी सत्तरी ओलांडली होती, जिना चढताना धाप लागायची आणि शिष्यिणींना तीन मिनिटांच्या स्पर्धेची गाणी हवी असत. अक्कांची इच्छा एवढीच होती, की एकदा चार माणसांसमोर ते आठही चरण म्हणून व्हावेत.

डिसेंबर-जानेवारीत चेन्नईतले सगळे हॉल इथल्या सभा नावाच्या संगीतसंस्थांनी कचेऱ्यांसाठी, म्हणजे गाण्याच्या मैफलींसाठी, धरून ठेवलेले असतात. सबब आम्ही उघड्यावर आलो.

पहिल्या वर्षी प्रवेश विनामूल्य ठेवला. फुकट ते पौष्टिक या तत्त्वावर आमचे अध्यक्ष वसंतराव यांचा गाढ विश्वास होता. (ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. बँकेत असताना मात्र हा विश्वास त्यांनी कधी दाखवला नाही.) सतरंज्या पसरल्या, समुद्राचा वारा सुटला, शेजारच्या इमारतींतली मंडळी जेवणाआधीचा फेरफटका म्हणून येऊन बसली. अक्कांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. तिसऱ्या चरणाला रस्त्यावर पाण्याची लॉरी आली. चेन्नईत पाण्याची लॉरी आल्यावर बसून राहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सगळे उठून आपापले प्लॅस्टिकचे हंडे आणायला धावले. अक्कांनी डोळे उघडले तेव्हा समोर फक्त वसंतराव होते आणि त्यांचे मिटलेले होते.

अक्कांनी श्रुतीपेटी बंद केली आणि बाकीचं पुढच्या वर्षी म्हणते, असं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तिकीट लावलं. फुकटची किंमत नसते, असा ठराव झाला. तिकिटं छापून आली, दोन रंगांत, वर तंबोऱ्याचं चित्र. इथे आपल्या लोकांचा एक उदात्त रिवाज आड आला. ज्याची मंडळाच्या चिटणीसाशी ओळख आहे, त्याने तिकीट विकत घेणं म्हणजे चिटणीसाचा अपमान करणं. तो पास मागतो. आणि मंडळ हे मंडळ असल्यामुळे चिटणीसाशी ओळख नसलेला एकही मराठी माणूस मद्रास प्रांतात शिल्लक नव्हता. परिणामी विक्री शून्य आणि पास संपलेले. पास संपलेले कळल्यावर ज्यांना गाण्याचं वावडं तेही पास मागू लागले. माझं लक्ष तेव्हाच या घटनेकडे वेधलं गेलं.

पास मिळाल्यावर लोक आले मात्र नाहीत. पास खिशात असला की कार्यक्रम झाल्यासारखाच असतो. जे आले ते आपल्याला कितवी रांग मिळाली आणि शेजाऱ्याला कितवी, हे पाहून घरी गेले. पाचव्या चरणाला प्रमुख पाहुणे पोचले. त्यांची गाडी टी. नगरच्या गर्दीत अडकली होती, त्यामुळे ते घाईत होते. सत्कार ताबडतोब उरकणं भाग होतं आणि माइक एकच होता, तो अक्कांसमोर. तो उचलला. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, भाषणांबद्दल आभार झाले, आणि शाळेच्या पहारेकऱ्याने दिवे घालवले.

तिसऱ्या वर्षी मंडळाने सूत्रं माझ्या हाती दिली.

मी सुरुवातीलाच वसंतरावांना समजावलं, की रिकामा डबा पाहिला की प्रवासी बिचकतो. गाडी बरोबर आहे ना, असं तो विचारतो. आणि ज्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तिच्यात तो कुठे जाणार हे न विचारता चढतो. यास्तव खालील सुधारणा केल्या. चारशे खुर्च्यांपैकी दोनशे ऐंशी ताडपत्रीखाली झाकल्या. तिकीटविक्री बंद केली. जो मागायला येईल त्याला थेट प्रतीक्षा यादीत घातलं. (यादी बारापासून सुरू केली. एक नंबर कुणालाच आवडत नाही, त्यात आपण पहिलेच फसलो की काय असं वाटतं.) एका खुर्चीवर दोघांना अर्धं-अर्धं बसवण्याची, रेल्वेत आरएसी म्हणतात ती, सोय ठेवली. ज्येष्ठांचा कोटा, महिलांचा कोटा, कारखान्याचा कोटा, पुण्याहून सासू आलेल्यांसाठी तातडीचा कोटा. आणि आदल्या दिवशी सकाळी तत्काळ.

मागणी पाहून माझे डोळे भरून आले. मैदान कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी मध्यरात्री फोन केले. हळदीकुंकवाला वाणाऐवजी वेटिंगचे नंबर विचारले जाऊ लागले. टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानात दोन भगिनींची चौदा आणि एक्केचाळीस या आकड्यांवरून जुंपली. दुकानदाराला वाटलं काठाच्या नंबरावरून. एका स्थळाच्या पत्रिकेत मुलगा संगणकात, निर्व्यसनी, वेटिंग एकोणीस, असं मी स्वतः वाचलं आहे. (लग्न जमलं. मुलीचं वेटिंग सरकत सरकत सातवर आलं होतं, पण त्यांनी मन मोठं केलं.)

ओरगडमच्या मोटार कारखान्यातला मंदार हा आमचा सर्वांत उत्साही कार्यकर्ता. त्याने आपला नंबर किती वर सरकला ते मोबाइलवर कळवण्याची सोय केली. रात्रपाळीची बस भरून मुलं तो नंबर बघत झोपी जात. हा खाद्यमहोत्सव नाही, हे मंदारला दुसऱ्या वर्षी कळलं. त्याने ते मोठ्या धीराने घेतलं आणि कामात कसूर केली नाही.

महोत्सवाच्या संध्याकाळी अक्का सहाव्या चरणावर होत्या तेव्हा माझा तक्ता तयार झाला. तक्ता तयार झाला की लावायचा, मिनिटाचा उशीर नाही, हे माझ्या रक्तात आहे. मी माइक घेतला आणि ज्यांना जागा पक्की झाली त्यांची नावं वाचली. एकेका नावाला टाळ्या पडल्या, एकाला तर शिट्टी. इतका रंगलेला कार्यक्रम मी आयुष्यात पाहिला नाही. संपल्यावर लोकांनी पुन्हा वाचायचा आग्रह केला आणि मी रसिकांचा मान राखला. अक्का मागे मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मग मैदान सोडायची वेळ झाली.

माझ्या कामात शास्त्र आहे. वर्षभर मी आकडे तपासले. खुर्ची मिळालेल्या दहांपैकी सात जणांनी पुढच्या वर्षी नाव घातलं नाही. न मिळालेल्या दहांपैकी दहांनी घातलं, वर एकेक मेहुणा आणला. निष्कर्ष उघड होता. माणसाला बसवणं म्हणजे एक मागणीदार कायमचा गमावणं. गाणं ऐकवणं तर त्याहून घातक, कारण ऐकलेला माणूस समाधानी होतो आणि समाधानी माणूस यादीला भारभूत असतो.

म्हणून चौथ्या वर्षी, २००९ साली, खुर्च्या बारा ठेवल्या. अकरा कार्यकारिणीच्या, एक प्रमुख पाहुण्यांची. प्रतीक्षा यादीने चेन्नईतल्या मराठी लोकसंख्येला कधीच मागे टाकलं होतं. शेजारपाजारचे तमिळ मामा-मामी यादीत होते, जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारातले गुजराती व्यापारी होते, कांचीपुरमहून एक अख्खं गोत्र होतं. फाटकाबाहेर मी मोठा फळा लावला. दुपारपासून माणसं लोटली. आत सोडा, असं कुणी म्हणत नव्हतं. सगळे फळा बघत होते.

त्या दुपारी अक्का माझ्याकडे आल्या. रिक्षातून उतरून फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत चालल्या तर बराच वेळ त्यांना बोलता येईना. मी त्यांना खुर्ची दिली. (कार्यकारिणीची, तात्पुरती.)

"त्र्यंबकराव, मला खुर्च्या होणा," त्या म्हणाल्या. होणा म्हणजे त्यांच्या मराठीत नको, आणि अस्की म्हणजे सगळी. "माणसं अस्की यायला होणा. पाहुणे होणा. आठ चरण आहेत, एकदा म्हणून टाकते. पुढच्या वर्षी हा आवाज असेल की नसेल."

मी कार्यक्रमपत्रिका पाहिली. कार्यक्रमात अक्कांना बसवणं मागणीच्या दृष्टीने परवडणारं नव्हतं. पण फाटक उघडण्याआधीचा वेळ कुठल्याच कोट्यात मोडत नव्हता. तो मी दिला. नियमात बसवून माणुसकी दाखवता येते, हे टीकाकारांनी लक्षात घ्यावं.

अक्का रिकाम्या मैदानासमोर बसल्या. श्रुतीपेटी लावली. लाउडस्पीकर चालू होता आणि भिंत छातीएवढी होती, म्हणजे बाहेरच्या हजारभर लोकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता, फुकट, सबंध तासभर. एकानेही मान वळवली नाही, कारण त्या तासात फळ्यावर नंबर सरकत होते. मी आत होतो. मला बाराही खुर्च्यांना चिठ्ठ्या लावायच्या होत्या आणि वाऱ्याने त्या सारख्या उडत होत्या. तीन चरण झाले. पाच झाले. पाण्याची लॉरी आली नाही, पाहुणे आले नाहीत, तक्ता अजून व्हायचा होता. सहावा झाला, सातवा झाला. आठव्याला दोनदा श्वासासाठी थांबल्या आणि पुन्हा धरलं. मग पेटी बंद झाल्याचा आवाज आला.

"झालं की पूर्ण," त्या मला म्हणाल्या. "कसं झालं?"

"अक्का," मी म्हणालो, "वेटिंग अकराशेच्या वर गेलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या नाहीत. सरि, म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या, पेटी उचलली आणि हळूहळू फाटकाकडे निघाल्या. गर्दीने त्यांना वाट दिली आणि एकाने त्यांचा नंबर विचारला. तो क्षण मला जड गेला. का गेला, हे उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नाही.

नोव्हेंबरात, इथल्या पावसात, अक्का गेल्या. मंडळाने स्मृतिसंध्या जाहीर केली. त्या दिवसापासून मागणीने मागचे सर्व उच्चांक मोडले आहेत. चेन्नईत आता असा मराठी माणूस सापडत नाही, ज्याने अक्कांचं ते कवन आठही चरण प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. ऐकलेल्यांसाठी वेगळा कोटा करावा लागला. त्याचीच प्रतीक्षा यादी सर्वांत लांब आहे. वसंतराव तर सांगताना डोळे पुसतात. दर वर्षी संध्याकाळी मंचावर एक समई लावतो, कुणी गात नाही, आणि त्यामुळे सगळं वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपतं.

वाचकहो, आपण इथवर आलात. कोट्यांची गंमत वाटली, वेटिंग सातची मुलगी लक्षात राहिली, अक्कांबद्दल हळहळही वाटली असेल. आठ चरण पुरे होतात की नाही, याची तुम्हाला काळजी लागली होती, हे मी नाकारत नाही. पण त्या आठ चरणांत होतं काय, हे मात्र तुम्हीही एकदा विचारलं नाहीत. विचारलं असतंत तरी मला सांगता आलं नसतं. मी चिठ्ठ्या लावत होतो, तुम्ही चरण मोजत होतात. असेच रसिक आम्हाला हवे असतात. तुमचं नाव यादीत घातलं आहे.