लिमयेकाकांचा शातो

लिमयेकाका आमटीसुद्धा आधी वाटीत गोल फिरवतात, नाक खुपसून हुंगतात आणि मगच भुरकतात. न्यूझीलंडच्या अप्पर हट गावातली आम्ही मराठी मंडळी याला सरावलोय. नवा पाहुणा मात्र स्वतःच्या वाटीकडे संशयानं बघतो.

काका हॉस्पिटलात फार्मासिस्ट, मूळचे साताऱ्याचे. पण "आमच्याकडे यंदा गारपीट झाली हो," असं म्हणाले, की समजायचं, फ्रान्स! बोर्दोजवळच्या एका जुन्या शातोचा, म्हणजे हवेलीसकट द्राक्षमळ्याचा, यांना असा लळा, जणू तिथल्या मालकानं दत्तकच घेतलंय. प्रत्यक्षात काका गेले एकदाच, तेही फाटकापर्यंत. आधी वेळ घेतली नव्हती, म्हणून आत सोडलं नाही. मग काका-काकूंनी फाटकाबाहेर बसून दशम्या खाल्ल्या आणि गावातल्या दुकानातून त्याच शातोची एक रेड वाइन घेऊन परतले.

ती बाटली काकांच्या निवृत्तीला उघडायची होती. तोवर गराजच्या गार अंधारात आडवी. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आम्ही कौतुकानं इथली चांगली रेड नेली, तर एक घोट घेऊन काका म्हणायचे, "सरबत! मुलांना द्या." असा राग यायचा म्हणून सांगू!

निवृत्तीच्या दिवशी सगळे जमलो. काकूंनी बाटली आणून हातात दिली आणि काका दचकले. "अगं, ही कोमट कशी?"

"तुम्ही जूनमध्ये भारतात गेलात ना, तेव्हा इथल्या ऐन हिवाळ्यात गराजमध्ये नुसता बर्फ! मी हिला हॉट वॉटर कबर्डमध्ये ठेवली, टॉवेलात गुंडाळून, गरम पाण्याच्या टाकीला टेकवून. तेव्हापासून तिथंच आहे. इतकी वर्षं जपलीत, गारठायला नको बिचारी."

झालं! मी मनात म्हटलं, काकूंची आता धडगत नाही. काकांनी ग्लास भरला, हुंगला. शेजारी बसलेल्या माझ्या नाकात सरळ व्हिनेगरचा वास गेला. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"कशी झालीय हो?" काकूंनी विचारलं, जणू त्यांनीच रांधली होती.

"अप्रतिम," काका म्हणाले. "उबेत ठेवलीस, म्हणून अशी मुरली."

कुणीतरी ग्लास पुढे केला. "तुम्हाला काय कळणार यातलं?" असं खेकसून काकांनी बाटली स्वतःकडे ओढली आणि थेंबही न देता एकट्यानं संपवली. मला भरून आलं. या खडूस माणसाला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

"बघितलंस?" काकू माझ्या कानात पुटपुटल्या. "म्हातारा किती हावरट आहे ते!"