संत मारिना वेळेवर पोचल्या

“संत मारिनाला यंदा मी नेणार! माझ्या बोटीतून! आणि अशी नेणार, की बेटावरच्या पुढच्या पिढ्या नाव काढतील!”

काढतात. झान्निस लुकाटोसचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं ठरलं.

आमच्या संत मारिनाची तसबीर मठात राहत नाही, माणसांत राहते. वर्षभर एकाच्या घरी. उत्सवाच्या सकाळी तो यजमान तिला समुद्रावरून मठात घेऊन येतो, मग दाराशी खास खुर्चीत बसून अख्ख्या बेटाच्या शुभेच्छा घेतो, अख्ख्या बेटाला जेवू घालतो. जेवणं उरकली की तसबीर पुढच्या यजमानाकडे. पाळी यायला आयुष्य जातं! झान्निस पाळण्यात होता तेव्हा त्याच्या आईने, अनेझोने, नंबर लावला. पाळी आली तेव्हा झान्निसच्या डोक्यावर केस नव्हते आणि अनेझोच्या डोळ्यांत उजेड नव्हता. तिला फक्त रंग कळायचे, तेही धुक्यातले.

“तुला त्या खुर्चीत बसलेला बघू दे,” ती प्रत्येक घासाला म्हणायची, “मग मी जायला मोकळी.”

(आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात)

“फ्रांगुलिसच्या मोठ्या बोटीतून सगळ्यांबरोबर ये,” बायको कालिओपी म्हणाली. फ्रांगुलिस म्हणजे पुढच्या वर्षीचा यजमान.

“बकऱ्यांसारखी माणसं कोंबणार, त्यात संत? अगं, वर्षभर बिचारी आपल्या टीव्हीशेजारी बसून आहे. फुटबॉल बघून विटली असेल! जरा किनारे दाखवत नेतो.”

“संत आहे ती, पर्यटक नव्हे!”

“तुला हौस म्हणून नाही.”

“बरं बाबा. पण वाटेत कुणाला बोटीत घेऊ नकोस.”

“मी काय वेडा आहे?”

याचं उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं, असं कालिओपी अजून म्हणते.

(सकाळ)

कालिओपी सासूला आणि चण्यांच्या रश्श्याचे मातीचे हंडे घेऊन रस्त्याने पुढे गेली. जाताना नवऱ्याचा फोन आपल्या पर्समध्ये टाकला, कारण ईस्टरला तो ऐन प्रार्थनेत ठणाणला होता.

झान्निसने लग्नातला सूट चढवला. टाय आवळला. बोटीला एवढ्या पताका लावल्या की बोट सोडून सगळं दिसत होतं! तसबिरीच्या चांदीला खारं पाणी लागू नये म्हणून ती निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टॉवेलात गुंडाळली. बंदरावरच्या प्रत्येक दुकानात लटकतो, तोच टॉवेल.

प्लाकेसच्या किनाऱ्यावरून एक म्हातारं डच जोडपं हात हलवत होतं. उन्हाने शिजलेल्या कोळंबीसारखं लालबुंद!

झान्निसने तोंड फिरवलं.

“कॅप्टन!” ते ओरडले.

उभ्या जन्मात त्याला कुणी कॅप्टन म्हटलं नव्हतं. बोट वळली.

पुढच्या किनाऱ्यावर, मठाखालच्या वाळूत, जोडपं उतरलं. काखेत आपल्या टॉवेलाची गुंडाळी, तोंडभर हसू. झान्निसने त्यांना सलामही ठोकला!

(मठासमोर)

घंटा घणघणू लागल्या. मठाच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर सगळं बेट. व्हायोलिनवाल्याने गज उचलला. झान्निसने टॉवेल सोडला.

आत तावलीचा पट! कॉफीच्या दुकानात फासे टाकत म्हातारे खेळतात ना, तोच लाकडी घडीचा पट.

आता काय करावं? माणसाने सरळ काठाला लागावं, मठाच्या पाद्रीबाबांचे, पापा-ग्रिगोरिसांचे, पाय धरावेत. झान्निसने बोट गर्रकन फिरवली आणि पळाला!

पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली.

“परत का गेला?”

“तो नाही गेला. संत परत गेली!”

“मला वाटलंच होतं. फुटबॉल दाखवत होता म्हणे तिला!”

(किनारे)

झान्निस थेट मठाखालच्या वाळूवर आला. जोडपं गायब. समोर पायवाट सरळ मठाकडे चढत होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही! कारण आम्हा बेटकरांचं एक पक्कं गणित आहे: पर्यटक किनाऱ्यावर, आपण मठात. अंग भाजायला आलेली माणसं मठात कशाला तडमडतील?

म्हणून तो एकेक किनारा धुंडाळत सुटला. आणि प्रत्येक किनाऱ्यावर तोच टॉवेल! निळे पट्टे, पांढरे पट्टे, जणू अख्खा समुद्रच वाळत घातलाय.

“जरा उठता का, बाई? खाली संत आहे का बघतो.”

एका ठिकाणी टॉवेलात कलिंगड निघालं. एका ठिकाणी झोपलेलं बाळ.

(अस्प्रीचा किनारा)

इथे कुणाच्या अंगावर चिंधी नसते. कोट-टाय घातलेला माणूस येताना बघून सगळे किंचाळले.

(त्याच वेळी, वर)

डच जोडप्याने वाळूत गुंडाळी सोडली होती, तसबीर बघितली होती, घंटा ऐकल्या होत्या. त्यांना आमचं गणित ठाऊक नव्हतं. ते सरळ पायवाटेने वर आले.

दारात सिस्टर थेओक्तिस्ती आडवी आली. “अर्ध्या चड्डीत? आत? नाव काढू नका!”

डच म्हाताऱ्याच्या हातात खुद्द संत होत्या, पण नियम म्हणजे नियम. खिळ्यावरचा पाहुण्यांसाठीचा फुलाफुलांचा घागरा तिने त्या म्हाताऱ्याच्या कमरेला बांधला, मग वाकून तसबिरीचं चुंबन घेतलं.

“संत ज्याच्या हातून आली, तो यजमान,” पापा-ग्रिगोरिस घाम पुसत म्हणाले. “तिने लुकाटोसला नाकारलं, याला निवडलं. बसवा खुर्चीत!”

बसवला.

(मग)

उन्हं उतरता उतरता झान्निस पोचला. सूट मांडीपर्यंत ओला, टाय पाठीवर. टेबलं पुसून झाली होती. हंडे पालथे. तसबीर फ्रांगुलिसकडे, जोडपं बसने हॉटेलात. वर्षभर घरात होती ती, पण शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही.

“आईला सांगितलंस?” त्याने कालिओपीला विचारलं.

“काय सांगू? त्या डच म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली होती रे. ‘माझ्या झान्निस, माझ्या राजा’ करत होती. मला नाही ओढता आलं तिला. आणि तोही कोडगा नव्हता, तिचा हात धरून रडत होता.”

अनेझो भिंतीपाशी बसली होती. झान्निस शेजारी बसला. काखेत अजून तावलीचा पट.

“आलास? कुठे गेला होतास?”

“बोट बांधत होतो, आई.”

“किती शोभलास आज! सबंध दिवस शब्द काढला नाहीस. तुझे वडील असेच बसायचे.” तिने त्याचा हात चाचपला. “झालं रे माझं. आता कधीही बोलवू दे देवाला.”

झान्निसने मान खाली घातली. कालिओपी उगाचच एक कोरडी परात पुन्हा पुसायला लागली.

“एकच सांगते,” म्हातारी कानाशी लागली. “रागावू नकोस.”

“बोल ना, आई.”

“एवढा चांगला सूट शिवलाय तुझा. तो फुलाफुलांचा घागरा कशाला नेसलास?”

झान्निसने काखेतला पट खाली ठेवला.

“चुकलंच, आई.”