झिंगा राणीचे डोळे उघडिले ती हकीकत

श्रीशारदा, जी काळी शाई आणि गोरा कागद दोहोंस सारखेच लेखिते, तीस नमन करून लिहितो ऐसे जे: शके १६२४, चित्रभानु नाम संवत्सरी, समुद्रकाठच्या एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, निंबाजी नाईक म्हणून दरबारचे चितारी होते, आणि दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवरील महाराजांचे अकरा पूर्वज त्यांच्या हातचे होते, आणि त्या भिंतीत नाईकांचा जीव होता. त्या राज्याचा दस्तूर ऐसा की, गादीवर जे महाराज असतील त्यांचेच डोळे सर्व पूर्वजांस रेखावे, म्हणजे वंश अखंड दिसावा. आणि ज्या चित्रास महाराजांचे डोळे लागले ते घराण्यातले ठरले, मग ते वाड्याबाहेर नेणे हा राजद्रोह. वाड्यात कोणतेही चित्र लागो, त्याचे डोळे उघडण्याचा, म्हणजे ते शेवटी रेखण्याचा, मान नाईकांचा. आणि डोळे उघडताच त्यावर शेला टाकावा, पहिली नजर महाराजांवरच पडावी. तीस वर्षे नाईकांनी डोळ्यांची हीच एक जोडी रेखिली. मिशा वेगळ्या, पागोटी वेगळी, डोळे तेच.

त्या वर्षी पश्चिमेकडील गलबतातून हलीमाबी नामे हबशीण चितारीण बंदरी उतरली, आणि तिजबरोबर सात राण्यांची चित्रे, आणि त्या राण्या ऐशा की त्यांच्या मुलुखाबाहेर कोणी त्यांचे नाव घेत नव्हते. एकीने जेथे मुक्काम केला तेथे कोट बांधिला. कुशदेशची एक, एका डोळ्याने आंधळी, ती तिकडच्या पातशाही फौजेशी लढली. आणि झिंगा म्हणून एक राणी तहाच्या बोलण्यास गेली तेव्हा फिरंगियाने खुर्ची दिली नाही, मग ती ओणव्या दासीच्या पाठीवर बैसली आणि बरोबरीने बोलिली. यांचे चेहरे कोणी जपिले नव्हते. म्हणून बाईने बंदरोबंदरीच्या हबशिणी पाहून, कोणाचे कपाळ, कोणाची हनुवटी घेऊन ते उभे केले. महाराज पाहून संतोष पावले आणि आज्ञा केली की, दसऱ्यास झिंगा राणी दिवाणखान्यात लावावी; सभेस मानली तर सातही मोठ्या भिंतीवर येतील आणि अकरा पूर्वज मागील सोप्यात जातील; न मानली तर बाईने आपल्या राण्या घेऊन परतीचे गलबत धरावे.

हे ऐकून नाईकांचे अन्न गोड लागेना. सातही चित्रे बाहेरच्या ओसरीत मांडिली होती, तेथे खांबाआड बसून ते मोजीत की, राण्यांपुढे माणूस किती थांबते. विडा रंगेपर्यंत थांबत असे. आणि दिवाणखान्यात अकरांपुढे दिवसभरात एक कारकून थांबला, तो शिंकावयास. घरी येऊन जेवावयास बसले तो साळूबाई, त्यांचे कुटुंब, वाढता वाढता बोलिली, "अहो, त्या राण्या बोलतील की काय ऐसे वाटते."

"तू पाहिल्यास?"

"दोनदा."

"आणि आमचे अकरा?"

"एक पाहिला की अकरा पाहिले."

नाईक ताटावरून उठले आणि दसऱ्याच्या आदले दिवशी आपला मान घेण्यास गेले. त्याच सकाळी दस्तूर कळताच हलीमाबीने आपल्या हाताने सर्वांचे डोळे पुसून ठेविले होते आणि एका शब्दाची तक्रार केली नव्हती, आणि ती केली नाही हेच नाईकांस अधिक झोंबले. बाई इतकेच बोलिली, "नाईक, मान तुमचा. ही कोणापुढे खाली पाहणारी नव्हती, एवढे ध्यानी असू द्या."

"आम्हांस डोळे शिकवू नका, बाई," ऐसे म्हणून नाईकांनी तीस बाहेर बसविले, आणि मनी योजिले की, हीस जेवून पेंगलेल्या कारकुनाचे डोळे द्यावे, म्हणजे सभा हसेल आणि गलबत भरेल. मग कुंचला उचलिला आणि मनातल्या मनात बाईस बोल लावीत, साळूबाईस बोल लावीत, झरझर हात चालविला आणि दस्तुराप्रमाणे शेला टाकून हसत घरी गेले.

दसऱ्यास सभा भरली आणि शेला उतरला. राणीच्या तोंडावर महाराजांचे डोळे, तेच रोखलेले, तेच किंचित तांबूस. नाईकांस तेव्हा कळले की, मन पेंगलेला कारकून शोधीत होते आणि हात तीस वर्षांच्या वाटेने गेला. महाराज चित्राकडे पाहात आणि चित्र महाराजांकडे, आणि दोघेही पापणी लववीनात. मग महाराज पुसते जाहले, "निंबाजी, ह्या आमच्या कोण?"

नाईकांनी विचार केला की, चुकलो म्हणावे तर मान गेला, मुद्दाम केले म्हणावे तर मान आणि मानही गेली. आणि तोंडातून निघाले, "पणजी, महाराज."

पडद्याआडून आईसाहेब हसल्या आणि बोलिल्या, "चिटणीस, हे अकरा पुरुष टांगिले आहेत, त्यांच्या आया कोण, हे दफ्तरी आहे काय?"

चिटणीसांनी दफ्तर चाळिले आणि म्हणाले, "नाही, आईसाहेब. पुत्र जाहला, इतकेच आहे."

"मग नाईक म्हणतात ते खोटे कोणी करावे?"

"दासीच्या पाठीवर बैसली तीच ना?" महाराज बोलिले. "आमची हट्टाची खोड कोठून आली, ते आज उमगले." आणि आज्ञा केली की, उरलेल्या सहा आज्यांसही नाईकांनी हेच डोळे रेखावे, आणि अकरांस मागील सोप्यात न्यावे. नाईकांनी मुजरा केला आणि रंग कालविला.

पुढे गावचे लोक दिवाणखान्यात येऊ लागले, त्यांस दस्तूर काय ठाऊक, आणि जो तो म्हणे, "बाईने डोळे काय रेखिले आहेत." नाईक खांबाआड ऐकत. एके दिवशी हलीमाबी जवळ येऊन हळूच बोलिली, "नाईक, सांगू का यांस, डोळे तुमचे म्हणून?"

"नको, बाई. मग पुसतील, पणजीस कोठे पाहिलेत."

"तरी मी सांगेन, चांगले आहेत."

नाईकांनी तोंड फिरविले, आणि पुन्हा मोजू लागले.

एकूण राण्या सात, डोळे तेरा, पाहणारांस गणती नाही. राजे अकरा, डोळे बावीस, पाहणारा एक निंबाजी. हात दोहींकडे त्याचाच. ऐसे ऐकिले तैसे लिहिले. मागील सोप्यात अंधार फार, सबब अकरांची नावे येथे उतरिली नाहीत.