गावंडेभाऊंची पाण्याची नळी

गावंडेभाऊंना कुठलीही बातमी सांगा, लग्नाची असो की भांडणाची, ते चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारतात, "संग पानी लावलं व्हतं काय?"

नवा माणूस चक्रावतो. अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये थुंकीच्या नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए आहे का, ते पाहतात. तपासणारे गावंडेभाऊ, रिपोर्ट टाइप करणारी मी. डीएनए असला तर मशीन त्याच्या लाखो प्रती काढतं आणि पडद्यावर रेघ वर चढते. दर खेपेला नमुन्यांसोबत एक नळी नुसत्या पाण्याची लावतात. तिची रेघ सपाट राहायला हवी. ती चढली, तर कुठून तरी डीएनएचे कण उडून पाण्यात पडलेत. मग सगळी खेप बाद.

हा नियम लॅबपुरता आहे, हे भाऊंना कोणी सांगितलेलं नाही. माझ्या सासूबाईंचा गुडघा तिवशाच्या कुठल्याशा तेलाने बरा झाला, तर भाऊंनी विचारलं, दुसऱ्या गुडघ्याला पाणी चोळून पाहिलं का? सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला, तोही माझ्याशी. भातकुलीच्या एका लग्नात वाढप्याने वरणातला डाव भाजीत घातला, तेव्हा "आता अख्खी पंगत पॉझिटिव्ह" म्हणत भाऊ उठले. पुढे नवरीच्या मामांनी काय गोंधळ घातला, ते विचारू नका.

रोज मी त्यांच्यावर चिडते, आणि ते सुटीवर गेले की मला करमत नाही.

माणूस एकटाच. आईवडील लवकर गेले. अकोल्याला जठारपेठेत थोरली बहीण आहे, तिनेच वाढवलं. तिला ते 'बाई' म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात बाईंचा खोकला हटेना. भाऊ स्वतः जाऊन नमुना घेऊन आले. रेघ चढली. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि पडद्यासमोर बसून राहिले.

"ताई," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "आज पयल्यांदा वाटून रायलं, पान्याची रेघ चढली पायजे."

पाण्याची सपाटच राहिली. बाईंची चढली. भाऊंनी रिपोर्टवर सही केली, अक्षर नेहमीसारखंच नीटनेटकं. गोळ्यांनी हे बरं होतं, हे त्यांच्याइतकं आमच्याकडे कोणाला ठाऊक? तरी माझ्या खोलीत येऊन फोन त्यांनी माझ्याच हातात दिला.

"तुमीच सांगा. मी सांगीन त रडीन."

मी सांगितलं. गोळ्या रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, घाबरायचं कारण नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो जेवला काय?"

मी भाऊंकडे पाहिलं. हो म्हणा, अशी त्यांनी खूण केली. चार वाजून गेले होते आणि त्यांचा डबा माझ्या टेबलावर तसाच होता.

"जेवले," मी म्हणाले.

"खोटं बोलून रायली तू, पोरी. त्याले आधी जेऊ घाल."

डबा मीच उघडला. भाऊ घास हातात धरून रडत बसले, आणि खरं सांगायचं तर मीही.