बापूस कवा?

‘काशिराम घरत, खाजगी गुप्तहेर. पनवेल, उरण व समुद्रापलीकडे.’

काकांच्या कार्डावर असं छापलेलं आहे. समुद्रापलीकडे म्हणजे कुठे, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. “घारापुरी,” काका म्हणाले होते.

तोंडी ओळख याहून मोठी असते. “मी माणसाकडे बघत नाही, माणसाच्या आरपार बघतो. एकतीस वर्षं जासईच्या कंटेनर यार्डात सीलं तपासली. सव्वादोन लाख कंटेनर! एका सीलनं मला फसवलं असेल तर मिशी काढून देईन.” काकांना मिशी नाही, पण ते वाक्य इतक्या जोरात म्हणतात की समोरचा ते विसरतो.

सव्वादोन लाखांचा आकडा खरा असावा. मात्र सील शाबूत आहे की नाही, एवढंच बघणं हे त्यांचं काम होतं. कंटेनर उघडणारी माणसं वेगळी. म्हणजे एकतीस वर्षं काका बंद दारांकडे रोखून बघत होते आणि आत काय आहे ते त्यांना एकदाही कळलं नाही. त्यांच्या गुप्तहेरगिरीचं याहून नेमकं वर्णन मला जमणार नाही.

त्यांचे साहाय्यक माझे बाबा. आनंदा गुरुजी; जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. काका तर्क करत आणि बाबा तो शुद्धलेखनासह वहीत उतरवून घेत. ‘सोसायटीतील तुळस कोण खातो?’ या प्रकरणाला त्या वहीत अकरा पानं आहेत. दहा पानं काकांचे संशयित. अकराव्या पानावर बाबांच्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘बकरी.’

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बाबा गेले. एप्रिलमध्ये काकांचा फोन आला.

“मनू, केस आहे. साहाय्यकाची जागा रिकामी आहे. वही घेऊन ये.”

त्यांना बाबांची वही म्हणायचं होतं. मी नवीन घेतली.

घटनास्थळ होतं ‘मिठागर’. जुन्या पनवेलच्या बाजारपेठेतला हा बार प्रणित ठाकूरनं काढला. आजोबांची मिठागरं गेली, तेव्हा निदान नाव तरी राहावं म्हणून त्यानं बारला ते दिलं. प्रणित बाबांचा विद्यार्थी. बियर तो तिथेच, काचेमागच्या तांब्याच्या टाक्यांत बनवतो आणि ती आठ नळांतून येते. दर बुधवारी बाबा आणि काका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. काका पूर्ण ग्लास घेत, बाबा अर्धा. बाबा काकांच्या तासभर आधीच तिथे पोचत. का, ते कोणी विचारलं नाही.

प्रणितचा एक नियम आहे. तोंडी तक्रार ऐकायची नाही. ग्लासाखाली जी पुठ्ठ्याची गोल चकती असते तिच्या पाठीवर छापलंय, ‘तुमचा अनुभव लिहा.’ लिहायचं आणि कोपऱ्यातल्या मिठाच्या टोपलीत टाकायचं. सगळ्यात चांगला अनुभव भिंतीवर लागतो. मी भिंत वाचून काढली.

‘एसी जास्त, शेंगदाणे कमी.’

‘कडू बियर फार कडू आहे. कारल्याचा रस घरी मिळतो, तोही बसून.’

‘वातावरण उत्तम. बायकोनं विचारलं तर मी इथे आलो नव्हतो. – केतन, कामोठे, सेक्टर अकरा.’

“आता ह्या बघा,” प्रणित म्हणाला आणि त्यानं टेबलावर तीन चकत्या मांडल्या. “तीन बुधवार. दर वेळी एक.”

तिन्हींवर निळ्या पेन्सिलनं, मोठ्या आणि वाकड्या अक्षरात तेच दोन शब्द होते.

‘बापूस कवा?’

बापूस म्हणजे बाप. आमच्या घरात माझी आजी म्हणायची. ‘बापूस कवा’ म्हणजे ‘बाबा कधी येणार?’

“बाकीचे लोक असं लिहीत नाहीत,” प्रणित म्हणाला. “ही टोपली गुरुजींच्या टेबलाला लागून आहे, ताई. मला काही सुचेना. रोशनी तर ते टेबल पुसायलाही तयार नाही.”

“पुसते मी,” ट्रे घेऊन जाणारी रोशनी म्हणाली. “फक्त त्याच्याकडे बघत नाही.”

काकांनी भिंग काढलं. “निळी पेन्सिल! मनू, लिही. निळी पेन्सिल दोघंच वापरतात, सुतार आणि कस्टम.”

“आणि शाळा,” मी म्हणाले.

“विषय वाढवू नको.”

पहिला तर्क त्यांनी उभ्या उभ्याच मांडला. ‘बापूस’ हे टोळीच्या म्होरक्याचं टोपणनाव असून न्हाव्याशेव्यात माल उतरायचा आहे. माल कसला, असं विचारल्यावर ते म्हणाले, “सील बघितल्याशिवाय सांगता येत नाही.”

दुसरा तर्क बसल्यावर सुचला. नळांवरच्या फळ्यावर ‘आयपीए’ हे एका बियरचं नाव त्यांना दिसलं आणि ते ताडकन उठले.

“वाच! आय. पी. ए. म्हणजे ‘आय म्हणते, पी ए!’ फळ्यावर आय, चकतीवर बापूस. हे आख्खं कुटुंब आहे, प्रणित!”

“काका, ती बियर जगभर मिळते.”

“म्हणजे कुटुंब परदेशात पसरलंय.”

तेवढ्यात रोशनीनं काकांचं ‘नेहमीचं’ आणून ठेवलं. एक पूर्ण ग्लास आणि एक अर्धा. काकांनी ऑर्डर बदललेली नव्हती. अर्धा ग्लास त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

तिसरा तर्क यायला बराच वेळ लागला. काका भिंगातून अक्षर बघत राहिले आणि त्यांचा आवाज खाली आला.

“मनू, हे लहान मुलाचं अक्षर आहे.”

“हो.”

“मूल इथे येतं, आनंदाच्या टेबलापाशी. आणि विचारतं, बापूस कधी.” त्यांनी चष्मा काढला. “मी तुझ्या बाबांना पन्नास वर्षं ओळखतो. तसा माणूस नव्हता तो. पण बाहेरून तर सगळीच सीलं शाबूत दिसतात.”

मी वहीत ‘शाबूत’ लिहिलं. खाली रेघ मारली. मग शेंगदाणे मोजले. तेवीस होते.

काकांना मी एक गोष्ट सांगितली नाही. बाबांच्या कपाटात मला अंकलिपीची पावती सापडली होती, जानेवारीतली. आमच्या घरात लहान मूल नाही. अंकलिपीही घरात नव्हती. साहाय्यक म्हणून पहिल्याच दिवशी मी पुरावा दडवला. तो वहीत गेला असता तर प्रश्नही वहीत गेला असता, आणि आईला या प्रकरणांची वही वाचायची सवय आहे.

पण मला कळायला हवं होतं. बाबांची वाट बघणारं आणखी कोणी आहे का, एवढंच.

पुढच्या बुधवारी सापळा लावायचं ठरलं. काका वेषांतर करून आले. गवती टोपी, गॉगल आणि केळीची फुलं छापलेला शर्ट.

“काका, नेहमीचं?” रोशनीनं विचारलं.

“मी काका नाही. नेऱ्याला माझं फार्महाऊस आहे.”

“बरं. फार्महाऊसवाले काका, नेहमीचं?”

आम्ही दुपारी तीनला बाबांच्या टेबलाशेजारी बसलो. ‘नेहमीचं’ आलंच, आणि त्यातला अर्धा ग्लास काकांनी बाबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला. काकांनी खुर्ची पुढच्या दाराकडे वळवली. “कंटेनरला दार एकच असतं. चोर तिथूनच येणार,” ते म्हणाले आणि वेषाला शोभावं म्हणून त्यांनी आठही नळांचे छोटे नमुने मागवले. चौथ्या नमुन्यानंतर गॉगलमुळे दिसेनासं झालं म्हणून त्यांनी टोपी काढली.

सव्वातीनला एक जोडपं सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जेवायला आलं. मुलीनं चकती उलटी केली आणि क्रेयॉननं काहीतरी रेखाटायला लागली. काका उठले.

“बाळ,” ते तिच्या कानाशी म्हणाले, “खरं सांग. तुझा बापूस कुठे आहे?”

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. “पप्पा सूसूला गेलेत.”

पप्पा परत आले. त्यांनी काकांना दोन वाक्यं ऐकवली. ती मी वहीत घेतली नाहीत. जाताना त्यांनी चकतीवर अनुभव लिहिला: ‘जेवण छान. केळीच्या शर्टातले गृहस्थ आवरा.’ तो अजून भिंतीवर आहे.

पावणेचारला स्वयंपाकघराचं दार उघडलं. ठमाबाई आल्या. उरणकडच्या कोळीण, बुधवारी आणि शुक्रवारी ‘मिठागर’ला मासळी देतात. टोपली आत उतरवून, पदराला हात पुसत त्या थेट कोपऱ्यात आल्या आणि माझ्या शेजारच्या टेबलाशी, म्हणजे बाबांच्या खुर्चीसमोर बसल्या. अंबाड्यातून एक पेन्सिल काढली. अर्धी तांबडी, अर्धी निळी. बाबा तसल्या पेन्सिलनं वह्या तपासायचे.

त्यांनी चकती उलटी केली, जीभ दातांत धरली आणि लिहायला लागल्या.

“काका,” मी म्हणाले.

“शू. दारावर लक्ष दे.”

“काका, मागे बघा.”

“मागे बघणं हे साहाय्यकाचं काम.”

मग मीच उठले. ठमाबाईंचं लिहून झालं होतं. निळ्या अक्षरात, ‘बापूस कवा?’

“हे तुम्ही लिहिता?” मी विचारलं.

“मंग कोन?” ठमाबाई म्हणाल्या. “ह्यो प्रणित बोल्ला, तोंडी नाय, लिवून द्या. लिवून दिलं. चार बुधवार झालं, जबाब नाय. गिऱ्हाईकाला ही काय वागनूक झाली?”

प्रणित काउंटरवरून धावत आला. काका गॉगल लावून आले आणि मधल्या खुर्चीला अडखळले.

“बाई,” काका गरजले, “कुणाचा बापूस? नाव सांगा!”

“बापूस कंचा? आपूस!”

“म्हणजे?”

“आपूस रं! आंब्याची बियर. गेल्या उनाल्यात यानं केली नव्हती का? मासली उतरली का एक गिलास देत होता. या साली इचारते, आपूस कवा?”

टाकीत कुठेतरी बुडबुडा फुटल्याचा आवाज झाला.

“पण मावशी,” प्रणित चकती हातात घेऊन म्हणाला, “हा ‘बा’ आहे. ‘आ’ नाही.”

“म्हाइत हाय मना. ‘आ’ येत नाय.” ठमाबाई जरा ओशाळल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू गुर्जींची ना? नाक तेच हाय. मना लिवायला त्यांनीच शिकवलं. बार भरायच्या आदी, हितं बसून. कोनाला सांगू नको बोल्ले मी त्यांना. साठीच्या बाईला लाज वाटते. पयलं ते पुस्तक आनलं. अ अननसाचा. मी बोल्ले, गुर्जी, मी जन्मात अननस इकला नाय. त्यांनी पुस्तक मिटलं. बोल्ले, तुज्या टोपलीतून शिकू.”

त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. “बांगड्याचा बा. पापलेटाचा प. सुरमईचा स. कोलंबीचा क. वाकटीचा व. आता बग, माज्या टोपलीत ‘आ’ची मासलीच नाय. म्हनून ‘आ’ मागं रायला.”

“मग?”

“बोल्ले, ‘आ’ पुडच्या बुधवारी.”

बाबा मंगळवारी गेले होते.

“मना शुक्रवारी कललं,” ठमाबाई म्हणाल्या. “मंग मी बोल्ले, बांगड्याचा बा लावू. काना तर हाय ना, गुर्जी समजून घेतील.” त्या थांबल्या. “म्हंजे, घेतलं असतं.”

काकांनी गॉगल काढला नाही. बराच वेळ ते भिंतीवरचे अनुभव वाचत राहिले, तेही त्या भिंतीवरचे जिथे एकही अनुभव लावलेला नव्हता. मग घसा साफ केला.

“मनू, लिही. मी पहिल्यापासून म्हणत होतो की या प्रकरणात एका फळाचा हात आहे.”

मी लिहिलं. बाबांनीही लिहिलं असतं.

मग मी वही बाजूला ठेवली आणि एक कोरी चकती घेतली. ठमाबाईंनी न सांगता पेन्सिल पुढे केली. मी निळ्या बाजूनं ‘आ’ काढला, मोठा. त्यांनी चकती दूर धरली, जवळ धरली, आडवी केली.

“ही तं कोलंबी हाय!” त्या म्हणाल्या. “वाकडी कोलंबी आनि बाजूला काठी. येवडंच? गुर्जींनी उगाच बुधवारवर टाकलं.”

दोनदा गिरवून तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः लिहिलं: ‘आपूस कवा?’ आणि ती चकती टोपलीत न टाकता सरळ प्रणितच्या हातात दिली.

“आता लिवून दिलं. जबाब दे.”

“पुढच्या बुधवारी, मावशी,” प्रणित म्हणाला. “टाकीत आहे. नक्की.”

“पुडच्या बुधवारी बोलनाऱ्या मानसांचा मना भरवसा नाय ऱ्हायला,” ठमाबाई म्हणाल्या, आणि रिकाम्या खुर्चीपुढचा अर्धा ग्लास त्यांना दिसला. “ही कोनाची? गरम होतेय.”

प्रणितनं काकांकडे बघितलं. रोशनीनं काकांकडे बघितलं. काकांनी तो ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि ठमाबाईंसमोर ठेवला.

“घे गो,” ते म्हणाले. “तुजीच हाय.”

काकांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

रोशनी येऊन ते टेबल पुसून गेली, त्याच्याकडे बघत. नवी चकती भिंतीवर मधोमध लागली. काकांनी टोपी घातली आणि प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. मग जुन्या चकत्या पुरावा म्हणून दप्तरी ठेवायला मागितल्या. आजची धरून चार होत्या.

मी तीन दिल्या.